हवामानावर बोलण्याचा परवाना

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढायला वय बारा पूर्ण लागतं, रेडिओशास्त्राचा आणि नियमांचा पेपर सोडवावा लागतो आणि पोलीस पडताळणीला पुरेल इतकी चिकाटी लागते. खालच्या दर्जाच्या परवान्याला मोर्सची कडकट्टही माफ आहे. एवढं केल्यावर हाती काय येतं? १९७८च्या नियमांप्रमाणे या रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही, राजकीय वाद घालायचा नाही, पैसे तर घ्यायचेच नाहीत. हे सगळं वगळल्यावर मराठी माणसाला बोलायला उरतं काय? चंद्रपुरात मात्र ही अडचण येत नाही. मे महिन्यात पारा ४६ला टेकतो आणि ब्रह्मपुरी जास्त तापली की चंद्रपूर, हा वाद राजकीय नसल्यामुळे पूर्ण कायदेशीर आहे.

माझं म्हणणं असं की हा छंद मुंबईच्या गच्चीपेक्षा गडचिरोलीच्या जंगलालाच शोभतो. शहरात अँटेना लावायची तर सोसायटीच्या सेक्रेटरीला राजी करावं लागतं, आणि त्यापुढे दिल्लीचा परवाना सोपा वाटतो. इथे दोन झाडं पुरतात (परसातली, वनखात्याची नकोत). ७ मेगाहर्ट्‌झसाठी साधारण वीस मीटर तार मधोमध जोडून आडवी, जरा खालीच बांधली की लहरी सरळ वर जातात आणि दिवसा आयनांबरावरून परतून शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. मधली झाडी आणि डोंगर त्यांच्या वाटेत येतच नाहीत. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटतं तेव्हा वीज गेलेल्या टॉवरपेक्षा गाडीच्या बॅटरीवर चालणारा हा संच भरवशाचा. १९९३च्या किल्लारी भूकंपात हॅम धावून गेले होते. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद अंदमानात हौसेखातर रेडिओ मांडून बसल्या होत्या, आणि त्याच रेडिओवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप बाहेर पडले.

नक्षलग्रस्त भागात कुणाच्याही हाती वायरलेस द्यायचा का, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे, पण हॅमला सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे, आपलं कॉलसाइन सांगत राहणं सक्तीचं आहे आणि त्याचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. कटासाठी आधी परीक्षा देऊन, पोलिसांना घरचा पत्ता कळवून, मग जाहीर बोलणारा कटवाला फार दिवस टिकणार नाही. खरा आक्षेप दुसराच आहे: भामरागडला एकटा हॅम असून उपयोग नाही, अहेरीला आणि चंद्रपूरला त्याचं ऐकणाराही हवा. त्यासाठी विज्ञानाचे शिक्षक धरावेत. जनगणना आणि निवडणुका त्यांच्याच गळ्यात असतात, त्यात एक रेडिओ जड नाही. आणि नियमांच्या पेपराची तयारी तर वर्षानुवर्षं परिपत्रकं वाचून झालेलीच असते.