शेंगा खायो

कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. हे कळल्यावर साठीला टेकलेल्या मला वाटलं, निम्मी भाषा आलीच. उरलं मत देणं. ते पुणेकराला कुणी शिकवायचं?

लिपीच्या वेळीच सावध व्हायला हवं होतं. राजा सेजोंगनं १४४६ साली हांगुल लिपी जाहीर केली, तेव्हाच्या ग्रंथातच म्हटलंय की शहाण्याला ही सकाळ संपायच्या आत येते आणि मूर्खाला दहा दिवसांत. मला तेरा लागले.

मग आला 'मला वाटतं'चा धडा. कोरियनमध्ये 'सेंगाखेयो'. मी वहीत लिहून घेतलं, 'शेंगा खायो'. आता जन्मात विसरायचा नाही. वाक्याची चालही घरचीच: 'यॉंगह्वागा चेमिइत्तागो सेंगाखेयो'. सिनेमा मजेदार आहे असं वाटतं. आपल्या 'असं'चं काम त्यांचा शेपटीतला 'गो' करतो. शिवाय इंग्रजीसारखं 'मला वाटतं' आधीच बोलून अडकायला होत नाही. समोरच्याचा चेहरा बघत बघत, वाटतं की वाटत नाही, ते अगदी शेवटी ठरवता येतं. ही सोय केवढी मोठी आहे, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आमच्या बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलहून पुण्यात आलेल्या. त्यांना आम्ही 'सॉनसेंगनिम' म्हणतो. शेवटचा 'निम' म्हणजे आपला 'जी'. एकदा त्या घरची किमची घेऊन आल्या. मी एक फोड तोंडात टाकली आणि ठणकावून सांगितलं, "माशित्तागो सेंगाखेयो!" चविष्ट आहे असं माझं मत आहे. बाई हसू दाबत म्हणाल्या की हे चव सांगणं नाही, न्यायाधीशाचा निकाल झाला. जेवताना नुसतं 'माशिस्सॉयो' म्हणायचं. मत जरा नरम करायचं असेल तर 'गॉत काथायो' जोडायचं, म्हणजे 'असल्यासारखं वाटतंय'.

हे 'गॉत काथायो' म्हणजे कोरियन माणसाचं लोणी. कशालाही लावतात. भूक लागली तरी 'भूक लागल्यासारखं वाटतंय'. स्वतःच्या पोटाबद्दलसुद्धा खात्री देत नाहीत! त्यांच्याकडचे भाषाशुद्धीवालेही यावर कुरकुरतात, हे ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

मी दुसरी फोड खाल्ली आणि धीर करून म्हणालो, "चोम चान गॉत काथायो." जरा खारट असल्यासारखी वाटतेय. बाई क्षणभर थांबल्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "गुलसेयो." पुस्तकात याचा अर्थ 'हं, काय सांगू' असा दिलाय. खरा अर्थ मला लगेच कळला, कारण आमच्याकडे वर्गणी मागायला आलेल्यांना मी हेच सांगतो: "बघू."

त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"जरा खारट असल्यासारखी वाटतेय."

"असल्यासारखी? आहे की नाही, एक काय ते सांगा."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. क्रियापद अजून यायचं होतं.

"सेंगाखेयो," मी पुटपुटलो.

तिनं भाजलेल्या शेंगांची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.