वरची लाईन

(घाटंजी तालुक्यातलं शिवार, डिसेंबर महिना. दिवेलागण होऊन तास उलटलेला. हरभऱ्याच्या धुऱ्यावर ओलितवाला थ्री-फेज लाईनची वाट पाहत बसलाय. गुरुजी आणि अ‍ॅपवाला पुतण्या आभाळाकडे तोंड करून उभे.)

ओलितवाला : गुर्जी, मान अखडन तुमची. काय शोधून राह्यले?

गुरुजी : अंतराळ स्थानक. 400 किलोमीटर उंचीवरून जाणार आहे.

पुतण्या : 6 वाजून 58 मिनिटं, नैर्ऋत्येकडून. अ‍ॅप सांगते.

ओलितवाला : अ‍ॅपले नैर्ऋत्य समजते रे. तू तं पूर्वेकडं तोंड करून उभा हायेस!

(पुतण्या वळतो. ठिपका वर येतो.)

ओलितवाला : हे? हे तं नागपूरचं विमान.

गुरुजी : विमानाचे दिवे लुकलुकतात. हा पाहा, एकसारखा पांढरा. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग! 90 मिनिटांत पृथ्वीला फेरी. दुर्बीणही लागत नाही.

(इथे गुरुजींना टाळी अपेक्षित होती.)

ओलितवाला : आत माणसं हायेत?

गुरुजी : असतात ना. 2025 च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला होते. मूग आणि मेथी उगवून दाखवली त्यांनी तिथे.

ओलितवाला : उगवनच. तिथं रानडुकरं कोठी हायेत?

(ठिपका डोक्यावरून थोडा पुढे सरकतो, फिका होतो, विझतो.)

ओलितवाला : घ्या! गेली लाईन.

गुरुजी : लाईन नाही हो. त्याला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून ते चमकतं. आता पृथ्वीच्या सावलीत शिरलं.

ओलितवाला : म्हून मी रात्री बाराले ओलित करतो तवा काहीच दिसत नाही!

गुरुजी : अगदी बरोबर. हिवाळ्यात मध्यरात्री खालून फिरणारे उपग्रह सावलीत असतात. बघायचे ते संध्याकाळी, नाहीतर पहाटे.

ओलितवाला : मंग सावलीत त्याईचं चालते कसं?

गुरुजी : उन्हात सौर पॅनेल वीज करतात, सावलीत बॅटरी. आणि दिवसाला सोळा सूर्योदय!

ओलितवाला : सोळा? म्हंजे दिवसाची लाईन सोळा खेप? अन् आमच्या वाट्याले रातच! मूग त्याईचे दोन मुठी, हरभरा माहा तीन एकर.

(गुरुजींकडे याचं उत्तर नाही. भूगोलाच्या पुस्तकातही नाही.)

ओलितवाला : पर हे खाली तं नाही ना येत? 2022 च्या पाडव्याले लाल रेघा पाह्यल्या आमी.

गुरुजी : 2 एप्रिल. चिनी रॉकेटचा तुकडा होता तो. वरच्या विरळ हवेशी घासून घासून वेग कमी होतो, मग खाली येतं. बहुतेक जळूनच जातं.

ओलितवाला : बहुतेक! चंद्रपूरकडं लाडबोरीले भलंमोठं कडं पडलंच ना? माह्या हरभऱ्यात पडलं तं? पीक इम्याले पयले बहात्तर तासांत कळवा लागे. आता कळवू कोणाले, चीनले?

पुतण्या : अ‍ॅपवर कळवायचो तेव्हा, काका.

ओलितवाला : त्याच्यात कारण निवडा लागे बापा. गारपीट होती, पूर होता. रॉकेट कोठी होतं?

(पुतण्या खरोखरच अ‍ॅप उघडून शोधू लागतो.)

गुरुजी : जाऊ द्या. पहाटे पाचनंतर येऊ आम्ही, आणखी दिसतील.

ओलितवाला : याजा. लाईन बाराले येते, मी अठीच हाओ. पर बॅटरी घेऊन याजा, गुर्जी. वर पाहत चाललं का पाटात पाय जाते, अन् पाणी लय थंडं राह्यते.