रॉसाहेब

वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा आयटीत, मुलं आपापल्या फोनमध्ये बुडालेली आणि घरात नुकताच आलेला निकॉन. एवढ्या सामग्रीवर रॉसाहेब तयार होतात. पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. ठाणे, नाशिकही मागे नाहीत. हिवाळ्यात ते भिगवणला जाऊन रोहित पक्षी टिपतात, पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर पालथे पडतात. मग कुणीतरी कानात सांगतं, "जेपेग काय काढता? रॉ काढा." त्या दिवसापासून त्यांचं मेमरी कार्ड पुरेनासं होतं.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. हा आकडा ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. "एवढ्या छटा दिसतात का हो?" असं शेजारच्या पानावरून कुणी विचारलं, तर जिलबी खाली ठेवून समजावतात की दिसण्याचा प्रश्नच नाही, सावलीतला चेहरा उजळायचा तर ऐवज गाठीला हवा. हे अगदी बरोबर आहे. तो चेहरा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उजळायचा, हे मात्र अजून ठरायचं आहे.

फोटोशॉपचं कुळ त्यांना पाठ आहे. 1987 साली मिशिगनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या टॉमस नोलने करड्या छटा पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिला, भाऊ जॉन त्याला येऊन मिळाला आणि 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. लेअर म्हणजे काय, तेवढं विचारू नये. 2013 पासून अडोबीने वर्गणीचा मार्ग धरला, त्याचा रॉसाहेबांना मनस्वी राग आहे. "आयुष्यभर भाडं भरायचं आणि घर नावावर नाही!" ही तक्रार ते तीन ओटीटींची वर्गणी भरणाऱ्या टीव्हीसमोर बसून करतात.

म्हणून फुकटाकडे मोर्चा वळतो. गिंप उतरवून घेतात, त्यात रॉ फाइल ओढून टाकतात. गिंप नम्रपणे कळवतं की ही फाइल उघडण्यासाठी आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपी बसवा. म्हणजे पलीकडच्या खिडकीवर जा. सरकारी कचेरीत ज्यांची उमेद खचली नाही ते इथे थोडेच खचणार? ते डार्कटेबल बसवतात. आत साठावर मॉड्यूल. फिल्मिक लावावं की सिग्मॉइड, यावर रात्रीचे दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहतात आणि दोन्ही लावतात. रोहित जांभळा होतो.

मग लाइटरूमची सात दिवसांची मोफत चाचणी. पहिल्याच फोटोला त्यांना धक्का बसतो: उघडताना चित्र झकास असतं आणि क्षणात फिकट पडतं. "बघा, यांनी बिघडवला!" बिघडवला कुणी नसतो. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने आपल्या पद्धतीने रंगवलेला एक जेपेग असतो. आधी तो दिसतो, नंतर लाइटरूम स्वतःच्या हिशेबाने रंग मांडतं. ज्या 'नैसर्गिक, अस्पर्श रॉ'चं कौतुक ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चारचौघांना दाखवत होते, तो जेपेगच होता. हे त्यांना कोण सांगणार? पुन्हा पंगत उठायची नाही.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी शिस्त म्हणून ते सगळे फोटो 'भिगवण', 'कास', 'मुंज' अशा फोल्डरांत हलवतात, तेही लाइटरूमच्या बाहेरून. लाइटरूम फोटो आपल्यात साठवत नाही, ते कुठे ठेवलेत याची वही ठेवतं. फोटो हलले आणि वहीतला पत्ता जुनाच राहिला की लघुचित्रांवर उद्गारचिन्हं उगवतात. उरलेले चार दिवस फोटो शोधण्यात जातात.

गंमत अशी, की त्यांच्याच कॅमेऱ्याच्या कंपनीने 2021 पासून एनएक्स स्टुडिओ फुकट दिलं आहे. कॅमेऱ्याचेच रंग, रॉ थेट उघडते, नवशिक्याला उजेड, रंगछटा, कातरकाम याहून जास्त लागतंच काय? पण जे फुकट आहे, सोपं आहे आणि ज्यावर दोन तट पडत नाहीत, ते निवडण्यात रॉसाहेबांना रस नाही. स्नॅपसीडबद्दलही तेच. ते फोनवर चालतं, रॉही उघडतं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या सासूबाई ते वापरतात. गणपतीच्या आरासीचे फोटो त्या जेवणं वाढायच्या आत उजळून ग्रुपवर टाकतात. नात्यातला कुणी चुकून "फोटो मस्त आलेत" म्हणालाच, तर रॉसाहेब "शॅडोज जरा जास्तच उचललेत" एवढं बोलून पंखा वाढवतात.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला विचारावं, तर तो 2002 सालच्या फोटोशॉप सेव्हनवर बसलेला. गैरहजर काकांना ग्रुप फोटोत उभं करायचं, नवरीच्या भावाची डुलकी उघडायची, शाई वाळायच्या आत अल्बम द्यायचा. आवृत्ती ऐकूनच रॉसाहेब उठले.

दरम्यान मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीचे फोटो राहिलेच आहेत. बटूला आता मिसरूड फुटलंय. परवा मेव्हण्याने काकुळतीने फोन केला, जसे असतील तसे पाठवा म्हणाला. रॉसाहेबांनी त्याला शांतपणे समजावलं, की आपल्या मॉनिटरचे रंगच मुळात खरे नाहीत, ते मोजायचं यंत्र मागवलंय, ते आलं की सोवळ्याचा लाल एकदा नक्की करू, आणि मग कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते बघू.