वईपलीकडचा देव्हारा

— काय वहिनी, काल टेम्पोतून एवढं काय उतरवलंत? चौघांना उचलेना, म्हणून वईतून डोकावले. म्हटलं फ्रीज असेल.

— कसला फ्रीज! देव्हारा आलाय, संगमरवरी. पोराने ठाण्याहून पाठवला. बटण दाबलं की आत रंगीत दिवे लागतात.

— अगंबाई! आणि सासूबाईंचा तो शिसवी?

— तो निसर्ग वादळातच गेला की. २०२० चा ३ जून आठवतोय ना? भर दुपारी कौलं उडाली, पाऊस थेट देवांवर. तळाची फळी फुगली, मागून वाळवी लागली. तेव्हापासून देव ताम्हणात, ताम्हण पाटावर आणि पाट फडताळात.

— सगळ्या नागावचीच ती गत झाली. माझ्या पोफळी आडव्या झाल्या त्या झाल्याच. पण आता घर उभं राहिलंय तर देव नीट मांडा बाई. फक्त मला सांगा, त्यात बसणार कोण? टाक तर थोरल्या भावजींकडे डोंबिवलीला.

— तेच तर! जाऊबाई म्हणतात, देव थोरल्याच्याच घरी राहतील.

— मग चुकलं काय त्यांचं? वाटणीत हंडा मागावा, पाटे-वरवंटे मागावेत, मूळ टाकांवर हात टाकू नये. वेगळी चूल मांडली की आपले नवे टाक करून घ्यावेत. सोनाराला कुळाचे देव सांगायचे. तुमचे खंडोबा, भवानी आणि घराण्यातला वीर, बरोबर ना? चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवतात, बोटभर उंचीचे पुरेत. मग डोंबिवलीच्या टाकांना भेटवा आणि तिथनं जेजुरीला न्या. देवाच्या पायाशी टेकवून भंडारा लागला की झाले तुमच्या घरचे. सोनाराच्या दुकानातून थेट देव्हाऱ्यात, असं नाही चालत. जाऊबाईंशी बोलणंही होईल त्या निमित्ताने!

— ह्यांच्या मनात भवानी तरी सोन्याची करावी असं आहे.

— भावजींना म्हणावं, दिवेआगर विसरलात काय? १९९७ ला वाडीत खणताना तांब्याच्या पेटीतून सोन्याच्या गणपतीचा मुखवटा निघाला, सगळं श्रीवर्धन लोटलं दर्शनाला. २०१२ च्या मार्चात दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. सोनं सापडलं ते वितळवलेलं. २०२१ ला मुखवटा नव्याने घडवून बसवला, पण गेलेली माणसं गेलीच. देवळाची ही कथा, तर तुमच्या मागल्या दाराला धड कडी नाही. चांदी पुष्कळ झाली.

— बरं बाई. पण पोराने देव्हाऱ्याबरोबर राधाकृष्ण पाठवलेत, चांगले दोन फुटी.

— दिवाणखान्यात ठेवा शोभेला. मत्स्यपुराणात सरळ दिलंय, घरची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंत, त्याहून मोठी नको. गणपती किती जमलेत?

— तीन. एक रुखवतातला, एक वास्तुशांतीला आलेला, एक कुणीतरी अष्टविनायकाहून आणलेला.

— घरात तीन गणपती पुजू नयेत, दोन शंखही नकोत, हे जुने लोक सांगून गेलेत. मला तर त्यात शास्त्रापेक्षा शहाणपणच दिसतं. चिंचेने नाहीतर पितांबरीने रोज घासणार कोण? पोरगा ठाण्याहून येणार आहे? एक गणपती ठेवा, उरलेले देऊन टाका. आणि पहिली बसवा ती माहेरची अन्नपूर्णा. गौरीहर पुजताना तुमच्या आईने हातात दिलेली, वाटीत तांदूळ घालून त्यावर. बाकी सगळे देव सासरचे, तेवढी एक तुमची.

— सुतार म्हणत होता, उंडीखालचा तो शेंदराचा धोंडाही आत घ्या, म्हणजे एका जागी पूजा उरकेल.

— खबरदार! सुताराचं काय जातं बोलायला? वाडीचा राखणदार आहे तो. कोंबडं नि नारळ घेणारा देव, त्याला तुमची तुपाची वात काय करायची? त्याची जागा उघड्यावर, झाडाखाली. वादळात उंडीची अर्धी फांदी त्याच्याशेजारी कोसळली, धोंडा जागचा हलला नाही. तो तिथंच बरा.

— आणि देव्हारा? स्वयंपाकघरात मासळी शिजते, तिथे नको म्हणतात हे.

— असं कुणी ठरवलं? रेवदंड्याहून मासळी आणते ना ती, तिच्या घरी एकवीरा चुलीच्याच खोलीत. चैत्रात पालखीबरोबर कार्ल्याला जाते, देवी रागावल्याचं मी तरी ऐकलं नाही. माझी भाची परवा इटलीत पॉम्पेई बघून आली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव ते. तिथेही कित्येक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर घरचे देव रंगवलेत, खाली राखण करणारे साप. मला फोटो दाखवून म्हणते, मावशी, तुझंच घर! अलिबागच्या इस्रायल आळीतल्या ज्यूंकडे तर देव्हाराच नाही. चौकटीला छोटी डबी, आत चर्मपत्रावर प्रार्थना, जाता-येता तिला बोट लावून ओठाला लावायचं. ज्याचं घर, त्याची रीत.

— म्हणजे ओट्याशेजारच्या कोपऱ्यात चालेल?

— पळेल! जिथे सकाळी तुमचा पहिला हात जातो तिथे ठेवा, नाहीतर दिवा राहून जातो नि बटणच तेवढं दाबलं जातं. ते रंगीत दिवे मात्र काढा हो, मुंबईचा बार वाटतो. आणि एक लक्षात ठेवा, समईखाली ताम्हण हवंच. संगमरवर तेल पितो, एकदा डाग पडला की जन्मात निघत नाही.