बाईक होती का रे भावा?

परदेशी निघालेल्या पोरांना आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत ११ ते १४ मिनिटं इंग्रजी बोलावं लागतं. सुरुवात घर, गाव, आवडीनिवडी अशा बिनधोक विषयांनी होते. त्यातच कधी प्रश्न येतो: लहानपणी तुमच्याकडे बाईक होती का?

इथंच कोल्हापूरचा गडी फसतो. परीक्षकाच्या मनात सायकल असते; आमच्याकडं बाईक म्हणजे बुलेट, तीही सायलेन्सर बदललेली. 'आठवीपासून चालवतोय,' पोरगं छाती फुगवून सांगतं. व्याकरण चोख, कबुली मात्र पोलिसात देण्याजोगी.

खरी सायकल बापाला विचारा. तासावर भाड्यानं आणलेली, नळीखालून पाय घालून हाणलेली, रंकाळ्याकडं जाताना ब्रेक लागेना म्हणून चप्पल घासून थांबवलेली. मागं कॅरिअरवर धाकटा भाऊ, हँडलला दुधाची किटली. बाप अर्धा तास रंगवून सांगेल, पण परीक्षा त्याची नाही. पोराची गिअरची सायकल चार महिन्यांत जिन्याखाली गेली. म्हणून क्लासवाले पाठ करून घेतात: सायकल पर्यावरणपूरक आहे, आरोग्याला उत्तम आहे. (हे घोकायला पोरगं क्लासला बुलेटवरनं येतं.) असलं पाठांतर परीक्षकाला दुसऱ्या वाक्यालाच कळतं, ते वेगळंच.

पुढचा प्रश्न: सायकल सर्व वयांना योग्य आहे का? आहे की. आमच्यात ती सातवीपर्यंत चालते, आणि मग एकदम डॉक्टरांनी शुगर सांगितल्यावर.