वय वर्षे २९ (कायम)

आमच्या ताईच्या घरी दोन पंचांगं आहेत. एक भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, दुसरं तिचा मुलगा. भिंतीवरचं दर वर्षी बदलतं. मुलगा ३३ वर्षांचा झाला, पण गेली वीस वर्षं त्याचं एकच व्रत चालू आहे : ‘वन पीस’ नावाच्या जपानी मांगातल्या, म्हणजे चित्रकथेतल्या, माणसांची वयं तपासणं.

पोटासाठी तो लेखापरीक्षण करतो. दिवसभर लोकांच्या ताळेबंदातल्या चुका काढून दमतो आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणून ‘वन पीस’मधल्या समुद्री चाच्यांच्या चुका काढतो. त्यासाठी दोनशे पानी लाँगबुक आहे, फूटपट्टीनं आखलेलं. रकाने चार : प्रकरण, जपानात छापल्याची तारीख, गोष्टीतला दिवस आणि शेरा. शेरा लाल शाईत. बहुतेक ठिकाणी ‘खुलासा मागवावा’. हा खुलासा चित्रकार-लेखक एइचिरो ओदा यांनी द्यायचा असतो.

“मामा, तू बघ,” तो एकदा वही पुढे सरकवत म्हणाला, “मालिका जुलै १९९७ची. नायक लफी समुद्रावर निघतो तेव्हा १७चा. २०१०पर्यंत १७चाच. मग ओदांनी गोष्टीत दोन वर्षांची उडी मारली, म्हणून १९. तेव्हापासून १९च!”

“मग सुखी आहे की.”

“सुखी काय? ओनिगाशिमा बेटावरची लढाई एका रात्रीची. छापायला २०२० ते २०२२ लागले!”

मी मनात हिशेब केला. त्या एका रात्रीत आमच्या सोसायटीचे लशीचे दोन डोस आणि वर बूस्टर उरकला होता, आणि तिकडे अजून उजाडलं नव्हतं.

कारण उघड आहे. साप्ताहिकातला हप्ता जेमतेम वीस पानांचा. त्यात एक जण गुद्दा उगारतो, दुसरा डोळे विस्फारतो, तिसऱ्याला बालपण आठवतं. गुद्दा बसतो पुढच्या आठवड्यात. घड्याळानं सरकायचं कधी? वाढदिवस मात्र सगळ्यांचे ठरलेले, तेही नावावर कोटी करून. जपानीत ‘ना’ म्हणजे सात, ‘मि’ म्हणजे तीन, म्हणून लफीच्या जहाजावरच्या नामीचा वाढदिवस ३ जुलैला. भाचा दर ३ जुलैला वहीत खूण करतो. वाढदिवस झाला, वय वाढलं नाही. शेरा : खुलासा मागवावा.

‘डिटेक्टिव्ह कॉनन’ हा दुसरा मांगा तर त्यानं वाळीतच टाकलाय. १९९४पासून त्यातलं पोरगं पहिलीत बसलंय. सुरुवातीला सार्वजनिक फोन शोधत होतं, आता स्मार्टफोन वापरतं, पण दुसरीत काही जात नाही.

सगळ्यात छळलं ते अकिरा तोरियामांच्या ‘ड्रॅगन बॉल’नं. त्यातला गोकू सुरुवातीला वय १४ सांगतो. पुढे कळतं, बिचाऱ्याला धड मोजताच येत नव्हतं, तो १२चा होता. शिवाय तिथे एक खोली आहे, बाहेर एक दिवस जातो तोवर आत अख्खं वर्ष सरतं. शिवाय गोकू मरतो आणि परत येतो. मेलेली वर्षं वयात धरायची का, हा प्रश्न भाच्यानं मला पितृपंधरवड्यात, आजोबांच्या श्राद्धाच्या पंगतीत विचारला.

“तुझ्या आजोबांची जन्मतारीख काय?” मी विचारलं.

“१ जून.”

“आणि त्यांच्या धाकट्या भावाची?”

“१ जूनच.”

“आणि शेजारच्या अण्णांची?”

तो वाढलेल्या खिरीकडे बघत राहिला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराच्या उंचीकडे बघून वर्ष ठरवलं आणि पुढे १ जून टाकून दिलं. अर्धी पिढी त्या एका दिवशी जन्मली. त्याच तारखेवर आजोबा नोकरीला लागले, निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत पेन्शन घेतली. कोणी खुलासा मागवला नाही.

गेल्या महिन्यात मात्र मागवला. भाच्याला स्थळ सांगून आलं होतं. मुलीकडच्यांनी फोन करून विचारलं, “बायोडेटात जन्मसाल आणि वय जुळत नाही, असं कसं?” कागद काढून पाहिला. वय वर्षे २९. ताई गेली चार वर्षं त्याच कागदाच्या झेरॉक्स काढत होती.

आमचा लेखापरीक्षक पेटला. “आई, चार वर्षं मी २९चा?”

ताईनं तव्यावरची पोळी उलटली. “तुझ्या त्या ओदांना चालतं ना? जमेपर्यंत वय वाढवायचं नसतं, एवढं मलाही कळतं.”

त्यानं लाँगबुक उघडलं, लाल पेनाचं टोपण काढलं, आणि काही न लिहिता परत लावलं.

संध्याकाळी गच्चीत तो बोटं मोजत होता. “वाचायला लागलो तेव्हा मी १३चा होतो, मामा. लफी म्हणजे दादा वाटायचा. मग लफी मागे पडला. झोरो, सान्जी २१चे, तेही गेले. रॉबिन ३०ची, तीही गेली. आता लफीच्या जहाजावर माझ्यापेक्षा मोठे तिघंच. फ्रँकी ३६, जिंबे ४६ आणि ब्रूक ९०.”

“हा ब्रूक कोण?”

“वादक आहे. कधीच मेलाय. नुसता सांगाडा.”

मी ५८चा. म्हणजे जिंबेला मागे टाकूनही बारा वर्षं झाली. माझ्यापुढे आता एकटा ब्रूक आहे.