पाटीपुरते दान

ट्रस्ट घरचाच: बाबा अध्यक्ष, आई विश्वस्त, सूनबाई चिटणीस, जावईबापू खजिनदार. सभा जेवणाच्या टेबलावर, ठराव श्रीखंडासोबत मंजूर. करसवलत टिकवायची तर साधारणपणे उत्पन्नाचे 85 टक्के वर्षभरात धर्मादाय कामावर लागायला हवेत. म्हणून मार्च आला की दानत उफाळून येते. मंदिराला संगमरवरी पायरी, नाट्यसंस्थेला पंखे, ज्ञातीच्या वसतिगृहाला कूलर. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘कै. तात्यांच्या स्मरणार्थ’. पंखा फिरला की तात्या दिसेनासे होतात, म्हणून उद्घाटनाला तो बंदच ठेवला; प्रेक्षक घामाघूम. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचा पगार मात्र थकलेलाच, कारण पगारावर पाटी ठोकता येत नाही. दात्यांनो, यंदा पाट्यांचा खर्च तेवढा बाईंच्या हातावर ठेवा.